हिराजी नाखव्यांची रत्नमाला

परवा दुकानाचं शटर वर करते न करते तोच एक माणूस मोबाइल पुढे धरून आत शिरला. हिराजी नाखवा वारले, श्रद्धांजलीचा फ्लेक्स हवा, मोठ्यातला मोठा, कोळीवाड्याच्या कमानीवर लावायचाय. मजकूर तयारच होता. 'थोर साहित्यिक, दर्यापुत्र, आमचे मार्गदर्शक.' खाली शोकाकुल म्हणून एकाच माणसाचा फोटो, तोही नाखव्यांच्या फोटोच्या दुप्पट. तो चेहरा पाहिला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वर हा मला म्हणतो, "मॅडम, नाखव्यांच्या डोक्यावर कम्प्युटरवरून लाल टोपी टाका ना. उठून दिसंल."

मी त्याला दुकानातून बाहेर काढला. फ्लेक्स त्याने अलिबागला जाऊन करून घेतला असेल. अलिबागला काय, सांगाल ते छापून मिळतं. पण तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. घरचे म्हणतात, तू उगाच चिडतेस. उगाच? मग ऐकाच.

रेवदंड्याला एस.टी. स्टँडच्या बाजूला माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. सातबाऱ्याच्या झेरॉक्स, लग्नपत्रिका, बचतगटाचे अर्ज, असला सगळा उद्योग. याच खुर्चीत बसून मी हिराजी नाखव्यांच्या पाचही कादंबऱ्या टाइप केल्या. होय, कादंबऱ्या. खाडीकाठच्या एका कोळीवाड्यातला, उभा जन्म समुद्रावर काढलेला हा माणूस कादंबऱ्या लिहायचा, पदरमोड करून छापायचा आणि स्वतःच पाटीत घालून विकायला बसायचा. कोळीवाड्याचं नाव मी मुद्दाम घेत नाही, कोर्टात खेटे घालायला मला वेळ नाही. फ्लेक्सवरच्या त्या शोकाकुल माणसाला मी नुसतं मालक म्हणेन. गावातल्या बहुतेक बोटी त्याच्या, बर्फाचा कारखाना त्याचा, पंचांच्या बैठकीत शेवटचा शब्द त्याचा.

नाखवा म्हणजे खरं तर बोटीचा धनी. हिराजींची स्वतःची बोट कधीच नव्हती. ते मालकाच्या बोटीवर तांडेल होते, म्हणजे बोट हाकणारे, खलाशांना हुकूम देणारे. पण लोक त्यांना मानानं नाखवाच म्हणायचे. एका कानाने त्यांना कमी ऐकू यायचं. "हा कान इंजिनच्या बाजूचा," म्हणायचे. त्यामुळे बोलणं सगळं ओरडून. ते दुकानात मजकूर सांगायला बसले की बाहेरचे रिक्षावालेसुद्धा कादंबरीत पुढे काय झालं ते फुकटात ऐकायचे. एकदा एकाने आत डोकावून विचारलं होतं, "नाखवा, ती पोरगी शेवटी त्याला व्हय म्हनली का?" नाखवा खूश. "पुस्तक घे, समजंल," म्हणाले.

लिहायचे जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर. सकाळी पडवीत जाळ्यांच्या ढिगावर बसायचे, मांडीवर पत्र्याचं झाकण आणि त्यावर महिना. एप्रिल लिहून झाला, मे चालू आहे, असा त्यांचा हिशोब. त्यांचं अक्षर मला लागायचं नाही, म्हणून ते समोर बसून वाचायचे आणि मी टाइप करायचे. मी जांभई दिली की थांबायचे. "कंटाला आला? मंग ता कार."

"अहो, मी रात्री झोपले नाही म्हणून जांभई आली!"

"ता काय पन असंल. कार."

आणि तेवढा मजकूर खरोखर काढायला लावायचे. पण माझ्या जांभईपेक्षा मोठी परीक्षा खळ्यात व्हायची. खळं म्हणजे मासळी सुकवायची मोकळी जागा. तिथे बायका जवळा पसरत, बोंबील वलांडीच्या आडव्या बांबूंवर टांगत असायच्या आणि हे उलट्या टोपलीवर बसून नवं प्रकरण वाचायचे. बायकांचे हात थांबले की प्रकरण राहिलं. बायका आपापसात बोलायला लागल्या की ते पान चुलीत. शहरातल्या समीक्षकांनी यांच्या पुस्तकांबद्दल कधी ओळ लिहिली नाही, आणि यांनीही त्यांची वाट पाहिली नाही. अलिबागच्या छापखान्यातल्या बाईने पहिल्यांदा विचारलं होतं, "प्रकाशक कोण?" हे म्हणाले, "मी." "वितरक?" "मीच." "मुद्रितशोधन?" माझ्याकडे बोट. "आणि प्रस्तावना कुणाची?" "ती कशाला? पुस्तक मीच लिवलाय न?"

विकायला जायचे मांडव्याला, जेट्टीच्या बाहेर. चांगुणाकाकी, त्यांची बायको, सुकट आणि बोंबील घेऊन बसायची आणि तिच्या शेजारी दुसऱ्या पाटीत कादंबऱ्या. मुंबईहून आलेली बंगलेवाली माणसं पुस्तक उचलायची, नाकाशी न्यायची, तोंड वाकडं करायची. "स्मेल येतोय." नाखवा म्हणायचे, "वाचायचा हाय का खायचा हाय?" काही जण हसून घ्यायचे. काही जण फोटो काढायचे, दोघांचा, पाट्यांसकट, आणि काहीच न घेता निघून जायचे. अशा लोकांना मी तिथे असते तर सोडलं नसतं. नाखवा मात्र फोटोला नीट बसायचे आणि मग म्हणायचे, "आता फोटोवाला पुस्तक घेनार."

भेट प्रत या शब्दाची त्यांना चीड होती. अलिबागला एका वाचनालयाच्या कार्यक्रमात अध्यक्ष, निवृत्त प्राचार्य, भला माणूस, प्रेमाने म्हणाले, "हिराजीराव, एक भेट प्रत द्या, अभिप्राय कळवतो."

नाखवा त्या सभागृहात, आपल्या नेहमीच्या आवाजात : "सर, बाजारान माजे बायकोकरून पापलेट घेता, तवा तिला अभिप्राय देता का पैसं देता?"

सगळं सभागृह हसलं. प्राचार्य नाही हसले. ही गोष्ट त्यांनी लक्षात ठेवली, ते पुढे कळलं.

मग एका साहित्यसोहळ्याचं बोलावणं आलं. फोन माझ्याच दुकानात, स्पीकरवर. गोड आवाजाच्या बाई म्हणाल्या, "येताना तुमचा पारंपरिक वेश करून या हं. लाल टोपी, कमरेला रुमाल. फोटो फार छान येतात."

"तुमच्याकरं डॉक्टर लेखक येनार हायत?"

"हो, आहेत ना!"

"ते गल्यान नली घालून येनार का?"

बाईंना कळलंच नाही. हे पँट-शर्ट घालून गेले आणि शेवटच्या रांगेत बसले. स्टेजवर कॉलेजची मुलं कोळीनृत्य करत होती, प्लास्टिकची वल्ही घेऊन. परत आल्यावर दुकानात आख्खी दुपार ओरडत होते, आणि लग्नपत्रिका टाइप करता करता मी बटणं इतकी बडवली की की-बोर्ड बदलावा लागला. टोपी म्हणजे यांना माणूस वाटतो, माणसाचं लिहिलेलं वाचायला नको. आता कळलं, परवा त्या टोपीवरून माझं टाळकं का सटकलं?

पण हे सगळं काहीच नाही. खरा राग पाचव्या कादंबरीचा.

आमच्याकडे पावसाळ्यात बोटी बाहेर काढत नाहीत. सरकारची बंदी असतेच, पण बंदी नसती तरी कोळी नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिल्याशिवाय जायचे नाहीत. बरीच वर्षं झाली, मालकाला पौर्णिमेआधीच कोलंबीचा वास लागला. बाकीच्या बोटी ओढून ठेवलेल्या, म्हणजे सगळा भाव याचाच. नाखवा तेव्हा त्याच्या 'रत्नमाला' बोटीवर तांडेल. मालक म्हणाला, काढ. नाखव्यांनी समुद्राकडे पाहिलं आणि इंजिनची चावी त्याच्या हातात परत ठेवली. मालकाने दुसरा तांडेल पाहिला, दोन खलाशी चढवले. तिघं गेले. तिघांतला एकही परत आला नाही, बोटही नाही.

मालकाने पोलिसांना सांगितलं, खाडीला उधाण आलं, दोर तुटला, पोरं बोटीत झोपली होती, बोट वाहून गेली. गावाने मान डोलावली. न डोलावेल तर बर्फ कुठून मिळेल? मेलेल्यांपैकी सगळ्यात लहान पोराची आई पारूबाय, ती दुसऱ्या दिवशीपासून पुन्हा खळ्यात जवळा निवडायला बसली. तिच्यासमोरही कुणी विषय काढला नाही. नाखव्यांनी त्या दिवसापासून बोट सोडली ती सोडलीच.

आणि काही वर्षांनी कॅलेंडरांच्या पाठीवर ते सगळं लिहून आणलं. माणसांची नावं एकूण एक बदललेली. मालकाचं आडनाव वेगळं, गाव वेगळं, मालकाला मिशीसुद्धा लावलेली. पण टाइप करता करता मी थांबले.

"नाखवा, बोटीचं नाव बदला."

"मानसांची बदललीत न सगली?"

"माणसांची बदलून काय उपयोग? रत्नमाला म्हटलं की शेंबडं पोरसुद्धा सांगेल कुणाची बोट ते. मालक तुम्हाला सोडेल का?"

"होरीचा नाव नाय बदलायचा."

"का पण?"

मग ते खुर्ची पुढे ओढून, लहान पोरीला सांगावं तसं सांगायला लागले. बोटीवर नाव घालतात तेव्हा पूजा होते, नारळ फुटतो, कुंकू लागतं. त्यानंतर ते नाव कुणी खरवडत नाही. दुसऱ्याची बोट विकत घेतली तरी नाव तेच ठेवतात. नाव खरवडतात ते फक्त बोट मोडायला काढली की. "रत्नमाला मोरली नाय गो. ती खाली हाय. तिचे पोटान पोरां हायत. तिचा नाव मी वर बसून कसा पुसू?"

जगातल्या कुठल्याही लेखकाने पहिल्यांदा बोटीचं नाव बदललं असतं. मिशी लावायची अक्कल होती या माणसाला, पण इथे अडला. मी चिडून म्हटलं, "मग गाव तुम्हालाच पुसून टाकेल." म्हणाले, "टाइप कर."

ते प्रकरण त्यांनी खळ्यात वाचलं. बायकांचे हात थांबले. मग एक उठली, पाटी घेऊन गेली. मग दुसरी. एकेक करून सगळ्या निघून गेल्या. पारूबाय तेवढी राहिली. नाखवा थांबले, तर म्हणाली, "वाच पुढं." आणि यांनी त्या खणखणीत आवाजात शेवटपर्यंत वाचलं. मालकाच्या घरापर्यंत ऐकू गेलं असणार.

पुस्तक आलं आणि गावाने नाखव्यांना वाळीत टाकलं. आता तो गुन्हा आहे, म्हणून तसं कुणी म्हणत नाही. नुसतं बोलायचं बंद करतात. काकीला कुठली बोट मासळी देईना. नळावर बायका हंडे बाजूला ओढायला लागल्या. जो माणूस यांच्या हाताखाली जाळं टाकायला शिकला, तो यांना पाहून मोबाइल कानाला लावायचा. मी अलिबागच्या त्या प्राचार्यांना फोन केला, म्हटलं, तुम्ही चार लिहिणाऱ्यांनी एक पत्रक तरी काढा. ते म्हणाले, "हा त्यांच्या समाजाचा अंतर्गत प्रश्न आहे. शिवाय हिराजीरावांचा स्वभावही जरा तसाच." एक पुस्तक फुकट मिळालं नाही, त्याचा राग! मी फोन आपटला. नाखव्यांना म्हटलं, पोलिसांत चला. तर म्हणाले, "गावावर केस घालू? मंग मेल्यावर खांदा कोन देल? हवालदार?"

स्वतःपुरतं ते सोसत होते. पण काकीचं काय?

चांगुणाकाकी धवलारीण होती. कोळ्यांच्या लग्नात हळदीच्या वेळी धवले गातात, देवाला, जात्याला, आंब्याच्या डहाळीला बोलावणारी ती गाणी, आणि ती म्हणणारी बाई म्हणजे धवलारीण. तिच्या गाण्याशिवाय हळद लागत नाही. गावातली निम्मी लग्नं काकीच्या गळ्याने लागली होती. तिला बोलावणं बंद झालं. मग त्यांच्या आळीतच एक लग्न निघालं. धवले येत असलेली दुसरी कुणी नव्हती. काय केलं असेल त्या लोकांनी? कुणाच्या तरी मोबाइलमध्ये काकीच्या आवाजाचं जुनं रेकॉर्डिंग होतं. ते स्पीकरला जोडलं. मांडवात काकीचा आवाज, हळद लागतेय, बायका नाचतायत, आणि काकी आपल्या घरात दार लावून स्वतःचा आवाज ऐकत बसलेली!

हे मला सांगताना ती रडली नाही. सुकट पाखडत होती. एवढंच म्हणाली, "पुस्तक त्यांचा, अन् तोंड बंद माजा."

मला त्या आख्ख्या गावाच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. आणि नाखव्यांच्याही. तुमचं खरंखोटं तुमच्यापाशी, बायकोच्या गळ्यावर कशाला?

हे त्यांना माझ्याकडून ऐकावं लागलं नाही. त्या नारळी पौर्णिमेला, मिरवणूक निघायच्या आधी, ते देवळात गेले. नारळ ठेवला, पंचांपुढे हात जोडले आणि म्हणाले, "चुकला." मालक मोठ्या मनाने म्हणाला, आम्ही माफ केलं, पण नव्या छपाईत बोटीचं नाव दिसता कामा नये. पहिली आवृत्ती संपत आली होती, लोकांनी चोरून वाचूनच संपवली होती.

दुसऱ्या दिवशी ते दुकानात आले. पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले. "बदल."

मी अद्वातद्वा बोलले. भर दुकानात, गिऱ्हाईक उभं असताना. कुणाला घाबरलात, काय खोटं लिहिलंत, कुणाची माफी मागितलीत? ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "चांगुनाला बोलावना आलाय. मालकाचे नातीचे हलदीचा."

"काय नाव घालू?"

"काय पन टाक."

मी 'चांदणी' टाकलं. कम्प्युटरवर हे सोपं असतं. एक बटण दाबलं आणि सगळ्या पानांवरून रत्नमाला गेली. तीच बोट बुडवायला मालकाला निदान एक वादळ लागलं होतं.

काकी त्या हळदीला गेली, गायलीसुद्धा. मला ते सहन होईना. मी तिला विचारलंच, "त्या माणसाच्या मांडवात कसं गाववलं तुला?" ती भडकली. "गाना माजा हाय गो! मांडव त्याचा म्हनून गाना त्याचा व्हते काय?" खरं सांगायचं तर तिच्याकडे बघून राग जरा निवला. पण तेवढ्यापुरताच.

आता नाखवा गेले. खांदा द्यायला मालक सगळ्यात पुढे होता म्हणे. मी गेले नाही. गेले असते तर तिथेच तमाशा झाला असता. मला त्यांचं शेवटचं दर्शन झालं ते गेल्या दिवाळीनंतर, मांडव्याला.

झेरॉक्स मशीनचा एक भाग आणायला मी मुंबईला निघाले होते. जेट्टीबाहेर दोघं नेहमीसारखी बसलेली. पाटीत नवी आवृत्ती, कव्हर कोरं करकरीत. ते कव्हर बघून माझं पुन्हा डोकं फिरलं, मी न बोलताच पुढे जाणार होते. तेवढ्यात गॉगल लावलेल्या एका बाईने पुस्तक घेतलं आणि म्हणाली, "लेखक तुम्हीच? मग सही द्या ना."

नाखव्यांनी जाड काळं पेन काढलं, पहिलं पान उघडलं आणि पानभर मोठ्या अक्षरात लिहिलं : रत्नमाला. बोटीच्या नाळेवर, पुढच्या टोकाला, रंगवतात तसं, दोन्ही बाजूंना फूल काढून. खाली स्वतःचं नाव नाही, काही नाही.

बाईने वाचलं. "रत्नमाला कोण? तुमच्या मिसेस का?"

काकी बोंबील कागदात बांधत होती. तिने मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं आणि परत खाली घातली.

"नाय," नाखवा म्हणाले, "मी तिचा तांडेल व्हतो."

मी पुढे झाले. पाटीतलं एक पुस्तक उचललं, पैसे ठेवले, पान उघडून त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी लिहिलं. मग आपल्या त्या आवाजात, साऱ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाले, "आतला सगला बदलला. सहीचा पंच काय बोलले नवते!"

"मालकाला कळलं तर?"

"त्याला सांग, पुस्तक विकत घे. त्याला पन दीन लिवून."

बोटीचा भोंगा झाला, मी धावले. आत बसल्यावर पाहिलं तर चार-पाच जणांच्या हातात ते पुस्तक. कुणी सुकटीच्या पिशवीत घातलेलं, कुणी मांडीवर ठेवलेलं. बोट धक्क्यावरून सुटली, जेट्टी मागे पडली, उघडा समुद्र लागला. पुढच्या बाकावरच्या एका माणसाने पहिलं पान उघडून शेजारणीला मोठ्यांदा वाचून दाखवलं, "रत्नमाला." मी वळून बघितलं. लांब काठावर नाखवा पुढच्या गिऱ्हाइकासाठी पेन झटकत असतील.